वीस कार्बनांची घडी

अमेरिकेतल्या अरिझोना राज्यात कापसाच्या शेतांत एक बुरशी मुद्दाम पसरली जाते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही तिची जात आणि एएफ३६ हे वाणाचे नाव. दिसायला ती जातभाईंसारखीच, पोपटी-हिरवी, बोट लावले की भुरभुर उडणाऱ्या बीजाणूंची. वाढतेही तितक्याच जोमाने. पण तिच्या एका जनुकात सुरुवातीच्या भागातच एक अक्षर बदललेले आहे. त्या बदलामुळे ‘इथे थांबा’ असा संकेत अवेळी येतो आणि पीकेएस-ए नावाचे भलेमोठे एन्झाइम अर्धवटच राहते. अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करण्याच्या वाटेवरची पुढची बहुतेक एन्झाइमे जागेवर असतात, पण त्यांच्यापुढे काम करायला कच्चा मालच येत नाही. बुरशी जगते, विष होत नाही.

अफ्लाटॉक्सिनबद्दल आपल्याकडे जे काही बोलले जाते ते बहुतेक शेवटच्या टोकाचे असते. निर्यातीचा माल परत आला, दुधाचा नमुना नापास झाला, पेंडीत प्रमाण जास्त निघाले. ते महत्त्वाचे आहेच. पण तोवर विष तयार होऊन बसलेले असते आणि ते स्वयंपाकघरात मरत नाही. त्याचा वितळणबिंदू २६८ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि प्रेशर कुकर जेमतेम १२० अंशांपर्यंत जातो. भाजल्याने थोडे कमी होते, संपत नाही. त्यामुळे हे विष जिथून सुरू होते त्या रेणूपाशी आणि मातीतल्या त्या दिवसांपाशी जाऊन बघण्यात मला जास्त अर्थ वाटतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या एन्झाइमचे वजन कळत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पिल्ले काही महिन्यांत मेली. शोध घेत गेल्यावर दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत, आणि त्या पेंडीत होती ही बुरशी. आपल्या शेजारची घटना १९७४ च्या अखेरची. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत, मक्यावर जगणाऱ्या आदिवासी वस्त्यांमध्ये कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ पसरली. कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता, कणसे भिजली होती आणि घरात दुसरे धान्य नव्हते. त्याच घरांतली कुत्रीही तशाच लक्षणांनी मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी ३९७ रुग्ण आणि १०६ मृत्यू नोंदवले. त्या मक्यात किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन होते. आज आपल्याकडे धान्य आणि कडधान्यांसाठी मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या घरांतला मका या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता. २००४ मध्ये केनियात पुन्हा मक्यामुळेच ३१७ जण आजारी पडले आणि १२५ दगावले. दोन्हीकडे माणसांसमोर तेच धान्य खाण्यावाचून पर्याय नव्हता, हे विसरून या विषयावर बोलू नये.

आता एन्झाइमकडे.

पीकेएस-ए ही सुमारे २१०० अमिनो आम्लांची एकच सलग प्रथिनसाखळी आहे आणि तिच्यावर एकापाठोपाठ सहा विभाग आहेत. प्रत्येकाचे काम वेगळे. सुरुवातीला लागतो सहा कार्बनांचा एक छोटा मेदाम्ल-तुकडा, हेक्सॅनॉइल. साधारण पेशीतले मेदाम्ल तयार करणारे एन्झाइम सोळा-अठरा कार्बनांपर्यंत साखळी नेते. पण या बुरशीकडे अफ्ल-ए आणि अफ्ल-बी या दोन जनुकांपासून बनणारे खास वेगळे मेदाम्ल-एन्झाइम आहे, आणि ते सहा कार्बनांवरच थांबते. हा तुकडा पेशीत मोकळा फिरायला सोडला जात नाही. मेदाम्ल-एन्झाइम आणि पीकेएस-ए एकमेकांना चिकटून एक प्रचंड संकुल करतात आणि तुकडा थेट हातातून हातात जातो. तो घेणारा पीकेएस-ए चा पहिला विभाग दुसरा कुठला तुकडा सहजी उचलत नाही, हेक्सॅनॉइलच निवडतो.

मग वाढ सुरू होते. एसीपी नावाच्या विभागाला सुमारे दोन नॅनोमीटर लांबीचा लवचिक हात असतो, टोकाला गंधकाचा अणू. वाढणारी साखळी या गंधकाला अडकवलेली असते आणि हात वळेल तशी एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाते. एक विभाग मॅलोनिल-कोए या पेशीतल्या रेणूमधून तीन कार्बनांचा तुकडा आणून देतो, दुसरा तो साखळीला जोडतो, जोडताना एक कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि साखळी दोन कार्बनांनी वाढते. हे सात वेळा होते. जोडणारा विभाग एकच असून तोच सातही फेऱ्या करतो. सहा अधिक चौदा, वीस कार्बन.

मेदाम्ल तयार होताना प्रत्येक फेरीनंतर ऑक्सिजन काढून टाकला जातो, म्हणून शेवटी गुळगुळीत, निवांत तेलकट साखळी मिळते. पीकेएस-ए कडे ऑक्सिजन काढणारे विभागच नाहीत. त्यामुळे वीस कार्बनांच्या या साखळीवर एकाआड एक ऑक्सिजन तसेच राहतात, आणि अशी साखळी रसायनाच्या दृष्टीने कमालीची उतावीळ असते. तिला मोकळे सोडले तर ती स्वतःवरच कुठेही वळून चिकटते आणि निरुपयोगी कड्यांचा गोंधळ होतो. तिच्यातून नेमका एकच रेणू कसा निघतो, हे मला या सगळ्या रसायनातले सर्वात विलक्षण वाटते.

त्याचे उत्तर चौथ्या विभागात आहे. त्याला पीटी म्हणतात. २००९ साली त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली आणि त्याच्या पोटात एक खोल, वाकडी खोबण दिसली. करंजीच्या साच्यात पारी जशी ठरल्या जागीच मिटते, तशी ही साखळी त्या खोबणीत मिटते. खोबणीच्या तळाशी सहा कार्बनांच्या त्या शेपटीला बसायला तेलकट जागा आहे. म्हणजे सुरुवातीला हेक्सॅनॉइलच का हवे याचे उत्तर इथे मिळते: शेपटी योग्य लांबीची असेल तरच बाकीची साखळी योग्य ठिकाणी येते. मधल्या कक्षात हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टेट या दोन अमिनो आम्लांची जोडी आहे. ती चौथा कार्बन नवव्याशी जोडते, मग दुसरा अकराव्याशी. दोन कडी तयार झाली. तिसरे कडे, पहिला कार्बन चौदाव्याशी, हे शेवटच्या टीई विभागाचे काम, आणि त्याच झटक्यात रेणू हातातून सुटून बाहेर पडतो. किंचित ऑक्सिडीकरण झाले की त्याचे नॉरसोलोरिनिक अ‍ॅसिड होते, केशरी-लाल रंगाचे.

हे सगळे कळले ते एन्झाइमचे तुकडे करून. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या क्रेग टाउनसेंड यांच्या गटाने पीकेएस-ए चे विभाग वेगवेगळे तयार केले आणि वेगवेगळ्या जोड्यांनी परीक्षानळीत एकत्र आणले. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एखादा भाग वगळला तर काय बिघडते, हे त्यात स्वच्छ दिसते. पीटी वगळला की साखळी पूर्ण लांबीची तयार होते, पण वाटेल तशी वळलेली भेसळ मिळते. पीटी ठेवला आणि टीई वगळला की पहिली दोन कडी बरोबर होतात, पण तिसरे चुकते: कार्बन कार्बनाला जोडला जाण्याऐवजी ऑक्सिजनमार्फत कडे बंद होते आणि रेणू पायरोन नावाचे भलतेच संयुग होऊन गळून पडतो. त्या पायरोनपासून पुढे अफ्लाटॉक्सिन होत नाही. एका बंधाची जागा चुकली की वाट तिथेच संपते.

पुढच्या वाटेवर पंधरा-वीस पायऱ्या आहेत. नॉरसोलोरिनिक अ‍ॅसिड, अ‍ॅव्हरँटिन, अ‍ॅव्हरुफिन, व्हर्सिकोलोरिन, स्टेरिग्मॅटोसिस्टिन आणि शेवटी अफ्लाटॉक्सिन बी१. सगळ्या मोजत बसायची गरज नाही, दोनच सांगतो. पहिल्याच पायरीवरचे अफ्ल-डी एन्झाइम मोडले की नॉरसोलोरिनिक अ‍ॅसिड साठत जाते आणि बुरशीचे जाळे केशरी दिसू लागते. जोन बेनेट आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये असा वाण वर्णिला, आणि विषाच्या वाटेवरचा पहिला स्थिर टप्पा डोळ्यांना दिसला. अनेक वर्षांच्या जनुकशास्त्राला त्या रंगाने वाट दाखवली.

दुसरी पायरी अफ्ल-एल ची. हे एन्झाइम व्हर्सिकोलोरिन बी मधून दोन हायड्रोजन काढते आणि रेणूच्या टोकाच्या कड्यात एक दुहेरी बंध तयार करते. जे रेणू या पायरीतून जातात त्यांचे शेवटी बी१ होते, जे चुकवतात त्यांचे बी२. बी२ बरेच कमी विषारी असते. कारण माणसाच्या यकृतातली, परक्या पदार्थांना निकामी करणारी सायटोक्रोम एन्झाइमे नेमकी त्या दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवतात. तयार होणारा इपॉक्साइड हा उतावीळ रेणू डीएनएतल्या ग्वानिन या अक्षराला चिकटतो. पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकातल्या २४९ क्रमांकाच्या ठिकाणी एक ठरावीक बदल यातून होतो, आणि जिथे अफ्लाटॉक्सिन जास्त खाल्ले जाते तिथल्या यकृताच्या कर्करोगात तो वारंवार सापडतो. सोबत हेपॅटायटिस बी असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून बाळाला दिली जाणारी हेपॅटायटिस बीची लस हाही अफ्लाटॉक्सिनविरुद्धचा एक उपाय आहे. शेतीच्या चर्चेत तो क्वचितच येतो, यायला हवा.

या वाटेची पंचवीसच्या वर जनुके गुणसूत्रावर एकत्र, सुमारे ७० हजार अक्षरांच्या पट्ट्यात रांगेने बसलेली आहेत. अफ्ल-आर नावाचे एक नियंत्रक प्रथिन त्यांच्या सुरुवातीला ‘टीसीजी, मधली पाच अक्षरे कुठलीही, मग सीजीए’ अशी खूण शोधून चिकटते आणि जनुके चालू करते. सोया सॉस आणि मिसोसाठी जपानमध्ये शतकानुशतके वापरल्या जाणाऱ्या कोजी बुरशा याच घराण्यातल्या. त्यांच्यात हा पट्टा बहुतांशी आहे, पण मोडका. अ‍ॅस्परजिलस सोजेमध्ये अफ्ल-आर अवेळी तुटतो. त्या विष करत नाहीत.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की, वाढ आणि विष या दोन्हींची परिस्थिती वेगळी असते. ३७ अंशांना फ्लेव्हस झपाट्याने वाढते पण ही जनुके मंद पडतात. ३० अंशांच्या आसपास ती जोरात चालतात. त्यामुळे हिरवा बुरा दिसला म्हणजे विष भरपूर आहेच असे सांगता येत नाही, आणि बुरा दिसत नाही म्हणून दाणा निर्धोक आहे असे तर अजिबातच नाही. बुरशी दाण्याच्या दोन डाळिंब्यांच्या मधल्या पोकळीतही असू शकते.

भुईमुगाच्या बाबतीत घात होतो तो काढणीआधीच्या शेवटच्या चार ते सहा आठवड्यांत. शेंगा जमिनीत, बुरशीही जमिनीत. शेंगांच्या थरातली माती २८ ते ३१ अंशांवर असताना पाण्याचा ताण बसला की धोका शिगेला पोहोचतो. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दाणा निरोगी आणि ओलसर असेपर्यंत बुरशी आत शिरताच तो स्वतः स्टिलबीन वर्गातली बुरशीनाशके बनवतो. दाण्याची जलक्रियाशीलता, म्हणजे त्यातली वापरता येण्याजोगी मोकळी ओल (शुद्ध पाण्याची १ धरून), ०.९५ च्या खाली गेली की ही क्षमता ढासळते. पण फ्लेव्हसला वाढायला त्याहून कितीतरी कमी, ०.८० च्या थोडी वर, एवढी ओलही पुरते. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यात दाणा निःशस्त्र असतो आणि बुरशी कामाला लागलेली असते. परतीचा पाऊस लवकर थांबला, जमीन हलकी असली, किंवा उन्हाळी भुईमुगाला शेवटची पाणी-पाळी चुकली, की पीक नेमके याच पट्ट्यात अडकते. म्हणून हातात एकच संरक्षक पाणी असेल तर ते शेंगा पोसण्याच्या काळासाठी राखून ठेवणे हा माझ्या मते सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपाय आहे.

दुसरी वाट जखमांची. हुमणी आणि वाळवीने टोकरलेली शेंग, आऱ्या (फुलापासून जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे देठ) सुटल्यावर कोळपणी केल्याने दुखावलेली शेंग, यांतून बुरशी थेट आत जाते. आऱ्या सुटल्यावर मातीला हात लावू नये असे जुने शेतकरी सांगतात, त्याला हेही कारण आहे. जिप्सम पेरताना निम्मे आणि आऱ्या सुटताना निम्मे, हेक्टरी मिळून ४०० किलोच्या आसपास, असे देण्याची पद्धत आहे. कॅल्शियमने टरफल भक्कम होते आणि दाणे भरतात, त्यामुळे आत शिरायला वाव कमी राहतो.

उपटल्यावर वेल उलटे, शेंगा वर करून वाळवावेत. दाण्यातला ओलावा काढणीला ३५ ते ४० टक्के असतो, तो ८ टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. मधले दिवस जितके लांबतील तितके वाईट. हातात घेऊन शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. आणि एक सवय मोडायलाच हवी: यंत्रात फोडताना दाणे फुटू नयेत म्हणून वाळलेल्या शेंगांवर पाणी शिंपडण्याची. इतके दिवस उन्हात घालवून दिलेला ओलावा एका बादलीने परत येतो आणि तसाच माल पोत्यात बंद होतो. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. फुटके, सुरकुतलेले, बारीक, रंग उडालेले दाणे आधीच वेगळे काढावेत, कारण बहुतेक विष त्यांच्यातच असते. असे दाणे कुटात किंवा घाण्यात घालून ‘मार्गी लावणे’ हा सर्वात वाईट पर्याय. लाकडी घाण्याच्या तेलात विषाचा काही भाग उतरतो. रिफाइंड तेलात अल्कलीच्या प्रक्रियेने तो निघून जातो, घाण्यावर तशी सोय नसते. आणि मोठा भाग पेंडीत राहतो.

पेंडीचा रस्ता दुधात जातो. गायीने खाल्लेल्या बी१ पैकी साधारण १ ते २ टक्के, जास्त दूध देणाऱ्या गायींत ६ टक्क्यांपर्यंत, शरीरात बदलून अफ्लाटॉक्सिन एम१ होऊन दुधात उतरते. भारतात दुधासाठी मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात त्याचा दहावा भाग. अरिझोनात एएफ३६ चा खटाटोप झाला तो याच साखळीपायी: तिथली सरकी दुभत्या गायींना घातली जाते. आपल्याकडेही सरकी पेंड आणि शेंगदाणा पेंड दुभत्या जनावरांपुढेच जाते. चांगली बाब एवढी की दूषित खाद्य बंद केले की दुधातले एम१ काही दिवसांत उतरते. पेंड बुरसट वाटली तर ‘थोडी थोडी मिसळून संपवू’ असे करू नये.

नमुना कसा घ्यावा याबद्दल लोक फार निष्काळजी असतात. अफ्लाटॉक्सिन मालात सारखे पसरलेले नसते. एखाद्या दाण्यात किलोला दहा लाख मायक्रोग्रॅम या हिशेबानेही विष सापडलेले आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, आणि तो २० किलो निर्मळ दाण्यांत मिसळला तरी सरासरी किलोला २५ मायक्रोग्रॅम येते. म्हणजे तो सगळा नमुना आपल्या मर्यादेत नापास. उलट पोत्याच्या तोंडाशी हात घालून पाव किलो उचलले तर तो दाणा हाती लागण्याची शक्यताच नगण्य, आणि कागदावर ‘आढळले नाही’. युरोपात मोठ्या मालासाठी शंभर ठिकाणांहून थोडे थोडे घेऊन २० किलोचा नमुना करतात, तो सगळा बारीक दळून नीट एकजीव करतात आणि मगच त्यातला भाग तपासतात. प्रयोगशाळेचे यंत्र कितीही महाग असले तरी नमुना चुकला तर त्याच्या आकड्याला अर्थ नाही.

बुरशीचा एखादा वाण विष करतो की नाही, हे प्राथमिक पातळीवर ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे आणि ती पीकेएस-ए शीच जोडलेली आहे. वाण बशीतल्या माध्यमावर २८ अंशांना तीन-चार दिवस वाढू द्यायचा. मग बशी उलटी धरून झाकणात अमोनियाच्या तीव्र द्रावणाचे काही थेंब टाकायचे. काही मिनिटांत विषारी वाणाच्या वसाहतीची खालची बाजू गुलाबी ते जांभळट लाल होते. रंग बदलतात ती नॉरसोलोरिनिक अ‍ॅसिड, अ‍ॅव्हरुफिन, व्हर्सिकोलोरिन ही मधली संयुगे. अल्कली लागताच ती लाल होतात. एएफ३६ सारख्या वाणात पहिलेच पाऊल पडत नाही, म्हणून रंगही येत नाही. चुका होतात त्या ठरलेल्या. माध्यमात नायट्रेट असेल तर ही वाट दबते आणि विषारी वाणही कोरा दिसतो. वसाहत फार कोवळी असेल तर संयुगे साठलेलीच नसतात. आणि वाटेच्या अगदी शेवटी बिघाड असेल तर विष नसूनही रंग येतो. म्हणून सोबत नारळाच्या दुधाच्या आगरवर ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली निळी झळाळी पाहतात, आणि पक्का निकाल रासायनिक तपासणीनेच देतात. हे काम हातमोजे, मुखपट्टी आणि बीजाणू रोखणारी पेटी यांशिवाय करू नये.

शेतात या बिनविषारी वाणांचा उपयोग साधा आहे. ते निर्जीव केलेल्या ज्वारी-गव्हाच्या दाण्यांवर चढवतात आणि फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी साधारण १० किलो फोकून देतात. दाण्यावर बीजाणू येतात, पिकावर पोहोचतात आणि विषारी भावंडांच्या आधी जागा धरतात. आफ्रिकेत नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने ‘अफ्लासेफ’ या नावाने स्थानिक वाणांची अशी मिश्रणे तयार केली आहेत आणि तिथे ८० टक्क्यांहून अधिक घट मिळाल्याचे अनुभव आहेत. बिघडते ते वेळेवर आणि ओलीवर. माती कोरडी असेल तर दाण्यावर बीजाणू येतच नाहीत, मुंग्या आणि पाखरे दाणे नेतात. उशिरा टाकले तर जागा आधीच गेलेली असते.

एका अक्षराच्या बदलावर विसंबण्याबद्दल शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. २००९ मध्ये फ्लेव्हसची लैंगिक अवस्था वर्णिली गेली, म्हणजे जनुकांची देवाणघेवाण शक्य आहे. शिवाय एएफ३६ अफ्लाटॉक्सिन करत नसला तरी सायक्लोपियाझोनिक आम्ल हे दुसरे विष करतोच, कारण त्याची जनुके वेगळी आहेत. अमेरिकेतच वापरला जाणारा एनआरआरएल २१८८२ हा वाण या बाबतीत उजवा आहे. त्याच्यात दोन्ही विषांचे जनुकपट्टे गायब आहेत. गमावलेला पट्टा परत लिहिला जात नाही.

पिकाच्या बाजूनेही हेच एन्झाइम गाठण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१७ मध्ये अरिझोना विद्यापीठातल्या गटाने मक्याच्या दाण्यात असा आरएनए तयार करवला, जो बुरशीत जाऊन पीकेएस-ए च्या जनुकाचा संदेश नष्ट करतो. त्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन आढळले नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत त्याच सुमारास भुईमुगावर असेच काम झाले. तिथे लक्ष्य अफ्ल-एम आणि अफ्ल-पी ही पुढची दोन जनुके होती. जोडीला लसूणघासाच्या कुळातली बुरशीरोधक प्रथिनेही वापरून पाहिली. त्यासाठी निवडलेला वाण होता जळगावच्या तेलबिया संशोधनातून आलेला जेएल-२४, म्हणजे आपला ‘फुले प्रगती’. ती झाडे आज शेतात नाहीत. जनुकीय बदल केलेल्या भुईमुगाची लागवड भारतात होत नाही.

तोवर आपल्या मातीतलेच बिनविषारी वाण शोधण्याचे काम मला अधिक निकडीचे वाटते. वाण स्थानिकच हवा, कारण परक्या हवामानात वाढलेली बुरशी इथल्या विषारी भावंडांपुढे टिकेल याची खात्री नसते. खानदेश, सोलापूर, सातारा अशा भुईमूग पट्ट्यांतल्या शेंगा आणि माती घ्यायची, प्रत्येक वसाहत एका बीजाणूपासून शुद्ध करायची, अमोनिया आणि नारळाच्या आगरवर छाननी करायची, कोऱ्या निघालेल्यांमध्ये पीकेएस-ए चे जनुक आहे का, आणि असल्यास कुठे तुटले आहे, हे वाचायचे. ज्यांच्यात एक अक्षर बदललेले आहे त्यांच्यापेक्षा ज्यांचा सबंध पट्टा गेलेला आहे त्यांना पसंती द्यायची, सायक्लोपियाझोनिक आम्ल वेगळे तपासायचे, आणि उरलेले वाण एकाच हंगामाच्या निकालावर न पारखता, सलग काही खरिपांत, परतीचा पाऊस चुकलेल्या वर्षातही, त्याच जमिनीत पारखायचे.